चार्लीची आई आणि आमची तालीम : चाळीतल्या एका बालनाट्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

परळ-लालबाग पट्ट्यातल्या एका जुन्या चाळीत तळमजल्याच्या दोन खोल्या एक करून तिथलं मंडळ संध्याकाळची अभ्यासिका चालवतं. पाचवी ते नववीची वीस-बावीस मुलं येतात. घर दहा बाय बाराचं, टीव्ही चालू, रात्रपाळीला जायच्या आधी कुणीतरी कोपऱ्यात झोपलेलं, त्यामुळे वही उघडायला जागा इथेच. मी दुसऱ्या भागातल्या शाळेत शिकवते आणि आठवड्यातून तीन दिवस इथे येते. पूर्वी कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धांत कामं केली होती, म्हणून गणपतीत मुलांचं नाटक बसवायचं काम ओघानेच माझ्याकडे आलं. हे प्रकरण त्यातल्या एका वर्षाचं आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात विषय ठरवायला बसलो. मंडळातल्या जुन्या माणसांचं म्हणणं होतं, दादा कोंडके घ्या. नायगावचा, गिरणी कामगाराच्या घरातला, आपल्यातला माणूस. दुसरं नाव निघालं लक्ष्मीकांत बेर्डेचं. लहानपणी घराला हातभार म्हणून लॉटरीची तिकिटं विकलेला नट. दोन्ही नावं मलाही जवळची. पण मुलांना चार्ली चॅप्लिन हवा होता. त्याचे मूकपटांचे तुकडे ती मोबाइलवर बघत होती आणि ती चाल तर प्रत्येकालाच करून दाखवता येत होती. मलाही वाटलं, लंडन लांब आहे, सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे. आपल्याच खोलीतली गोष्ट मुलं एवढ्या अंतरावरून निवांत बघतील. पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या या समजुतीपासून झाली.

चार्लीच्या बालपणातलं काय निवडलं

चार्लीचा जन्म १६ एप्रिल १८८९ चा. आई हॅना आणि वडील दोघंही म्युझिक हॉलमध्ये गाणारे. वडील लवकरच वेगळे राहू लागले, दारूच्या नादी लागले आणि १९०१ मध्ये वारले. हॅना दोन मुलांना घेऊन दक्षिण लंडनमध्ये एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बिऱ्हाड हलवत राहिली. चार्ली धाकटा, सिडनी त्याच्याहून चार वर्षांनी मोठा, वेगळ्या वडिलांचा. गाणं सुटल्यावर हॅनाने शिवणकाम धरलं. तेही पुरेना तेव्हा, १८९६ मध्ये, तिघंही वर्कहाउसमध्ये दाखल झाली. ज्यांना दुसरा आधारच उरला नाही त्यांच्यासाठीचा हा निवारा. आत शिरतानाच आई एका बाजूला, मुलं दुसऱ्या बाजूला. सात वर्षांच्या चार्लीला तिथून हॅनवेलच्या निराधार मुलांच्या शाळेत धाडलं. सिडनी तिथे स्वयंपाकघरात काम करायचा आणि पावात लोण्याचा मोठा गोळा भरून धाकट्याला चोरून द्यायचा. पहिल्याच वाचनात मुलं ओरडली, "म्हणजे मस्का पाव!" तो प्रवेश तिथेच पक्का झाला.

दुसरा प्रवेश आल्डरशॉटच्या रंगमंचावरचा. गाता गाता हॅनाचा आवाज फुटला, प्रेक्षकांनी गोंधळ घातला, आणि व्यवस्थापकाने पाच वर्षांच्या चार्लीला पुढे ढकललं. तो गाऊ लागला तशी नाणी पडू लागली. त्याने सरळ जाहीर केलं की आधी पैसे गोळा करतो, मग गातो. व्यवस्थापक रुमाल घेऊन मदतीला आला, तर हा आता पैसे ठेवून घेणार म्हणून चार्ली त्याच्यामागे धावला. लोक हसून लोटपोट. शेवटी त्याने आईचा फुटलेला आवाजसुद्धा नकलेत काढला आणि त्यावरही हशा झाला. ही आठवण त्याने स्वतः सांगितलेली आहे. आईच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट क्षणावर मुलाला पहिली टाळी मिळते, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. मुलांना मात्र त्यात फक्त नाणी दिसली.

तिसरा प्रवेश खिडकीचा. हॅना खिडकीशी बसून रस्त्यावरच्या माणसांच्या नकला करायची. कोण कसा चालतो, कुणाचे जोडे मळलेत, त्यावरून त्याच्या घरी सकाळी काय झालं असेल, ते मुलांना सांगायची. मूकाभिनय मी आईकडून शिकलो, असं चार्ली म्हणत आला. आमच्या मुलांना हे समजवावं लागलं नाही. चाळीच्या गॅलरीत कठड्याला रेलून ती रोज हेच करतात.

चौथा प्रवेश नाट्यसंस्थेच्या कचेरीतला : नटाचं काम मिळतं, पण हातात दिलेली संहिता तिथेच वाचायला सांगतील की काय, या भीतीने चार्ली गारठतो, कारण त्याला धड वाचता येत नसतं. घरी सिडनी वाचून दाखवतो आणि तो पाठ करतो.

पाचवा प्रवेश आईच्या आजाराचा. हॅनाला १८९८ मध्ये पहिल्यांदा मनोरुग्णालयात ठेवलं. १९०३ मध्ये पुन्हा. तेव्हा ती शेजाऱ्यांची दारं ठोठावून कोळशाचे तुकडे मुलांसाठी भेट म्हणून वाटत होती. चौदा वर्षांचा चार्ली तिला चालवत रुग्णालयात घेऊन गेला. सिडनी तेव्हा बोटीवर होता. तो परत येईपर्यंत हा मुलगा खोलीत एकटा राहिला.

हा प्रवेश मी लिहिला होता, आणि चांगला लिहिला असं मला वाटत होतं.

अडचण

चार्लीचं काम कुणाला द्यायचं हा प्रश्नच आला नाही. बंटी (नाव बदललं आहे), वय बारा, सातवीत. लोकलमधली घोषणा तो तिन्ही भाषांत हुबेहूब करायचा. "पुढील स्टेशन, चिंचपोकळी" म्हणताना त्या बाईच्या आवाजातला तो कोरडा ठहराव, मागे दरवाजातली रेटारेटी, कुणाचा तरी पाय तुडवला गेल्याची किंकाळी. एकटा उभा राहून अख्खा डबा भरायचा. धाकट्या बहिणीला शाळेतून आणून मगच तालमीला यायचा आणि ती कोपऱ्यात चित्रं काढत बसायची. हे मी रोज बघत होते. आजीच का येते पालकसभेला, हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

तालमीचा दुसरा आठवडा. पाचवा प्रवेश पहिल्यांदाच उभा करत होतो. आईला कुठे नेतात, असं एकाने विचारलं आणि मागून आवाज आला, "ठाण्याला!" मुंबईत वाढलेल्या कुणालाही हा शब्द समजावून सांगायला नको : ठाणे म्हणजे तिथलं मनोरुग्णालय. सगळी खोली फुटली. सगळ्यात मोठ्याने हसला बंटी. मग त्याने एका मुलीची ओढणी डोक्यावरून घेतली, खडूचे तुकडे ओंजळीत धरले आणि एकेकापुढे जाऊन "घे बाळा, वाढदिवसाचं" म्हणत वाटू लागला. डोळे असे फिरवले की मुलं जमिनीवर लोळली. मीही हसले. आणि म्हणाले, "अगदी हेच ठेवायचं."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बहीणही नाही. चौथ्या दिवशी अभ्यासिकेच्या ताईंनी मला बाजूला घेतलं. बंटीची आई सहा आठवड्यांपासून ठाण्याच्या मनोरुग्णालयात होती. आजीने हे फक्त ताईंना सांगितलं होतं, आणि त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलांपैकी किती जणांना माहीत होतं? चाळीत काय लपतं. "ठाण्याला" म्हणणाऱ्या मुलाला नक्की माहीत नसावं, असं ताईंचं मत. मला तेवढी खात्री नव्हती.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी ताई, मंडळाचे सचिव आणि मी बसलो. गणपती पाच आठवड्यांवर होते.

सचिवांचं म्हणणं स्पष्ट होतं : तो प्रवेशच काढा. सणासुदीला रडारड कशाला, लोक मुलांना हसताना बघायला येतात. हा सोपा मार्ग होता आणि मी अर्धी तयारही होते. ताई म्हणाल्या, प्रवेश अचानक गायब झाला तर मुलं विचारणार का काढला, आणि उत्तर चाळच देईल. शिवाय बंटीला काय कळेल? त्याच्या आईचा आजार रंगमंचावर नावसुद्धा घेण्यासारखा नाही, एवढंच.

दुसरा पर्याय विषयच बदलायचा. दादा कोंडके पुन्हा पुढे आले. पण त्याने झालेलं हसू मागे फिरणार नव्हतं.

तिसरा, प्रवेश तसाच ठेवून बंटीच्या जागी दुसरा मुलगा घ्यायचा. यात नाटक वाचत होतं, मुलगा जात होता.

चौथा पर्याय माझ्या मनात होता आणि मी तो बोलूनही दाखवला : त्यालाच हे काम करू दे, दुःख अभिनयातून बाहेर येईल, चार्लीचंही तसंच झालं. ताईंनी मला पुरतं बोलू दिलं. मग शांतपणे विचारलं, "बाई, चार्लीने आईची गोष्ट किती वर्षांनी सांगितली?" मी मनात हिशेब केला. कोळशाचे तुकडे १९०३ चे. पोरक्या पोराला सरकारी माणसं ओढून नेतात तो त्याचा चित्रपट 'द किड' १९२१ चा. आत्मचरित्र १९६४ चं. तोवर तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या वेळेवर सांगत होता. बंटीला मी पाच आठवडे देत होते, आणि समोर प्रेक्षक म्हणून त्याचीच चाळ.

मला आजही वाटतं की सगळ्या प्रकरणाचं वळण या प्रश्नापाशी होतं. तोवर मी नाटकाचा विचार करत होते.

काय केलं

आधी आजींकडे गेलो, ताई आणि मी. आजी एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटतात. दुपारी तीन ते साडेचार तेवढ्याच घरी. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी हात धरून खाली बसवलं.

"बाई, पोरगं रडलं नाही हो. रडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. घरी आला, बहिणीला जेवू घातलं आणि मला म्हणाला, आजी, मी आज आईची नक्कल केली, सगळे लई हसले."

त्यावर मला बोलायला काही सुचलं नाही. ताईंनी विचारलं, नाटकात राहायचं की नाही हे त्याला कसं विचारावं. आजी म्हणाल्या, "तुम्ही विचारा, पण चार पोरांत नको. आणि हो म्हणाला तरी दोन दिवसांनी परत विचारा. तो मोठ्या माणसाला नाही म्हणत नाही."

ओळखीच्या एका समुपदेशकाशीही बोललो. त्यांचा सल्ला आजींच्या सांगण्याच्या जवळचाच होता, वर एक भर : त्याला बाहेर पडायची अशी वाट द्या की ती इतरांना दिसणार नाही. म्हणून सगळ्याच भूमिका पुन्हा वाटायच्या ठरवल्या. कारण सांगितलं, पावसामुळे दोन मुलांची गैरहजेरी वाढली आहे. ते खरंही होतं.

बंटीला मी गॅलरीत एकटा गाठला. म्हटलं, भूमिका परत वाटतोय, तुला कुठली हवी? नकोच असेल तर पडद्यामागे आवाजांचं काम आहे. मला वाटलं तो आवाजांचं काम घेईल. त्याने जराही न थांबता सांगितलं, "सिडनी. तो पाव आणून देतो ना, तो." दोन दिवसांनी परत विचारलं. उत्तर तेच.

तो विनोदी म्हणून आम्ही त्याला चार्ली ठरवून मोकळे झालो होतो. घरी तो सिडनी होता, आणि बहिणीचा हात धरून रोज आमच्यासमोरून जात होता.

दुसरं काम सगळ्या मुलांबरोबर. कुणाचं नाव न घेता, कुणाच्या घरचं न काढता. चार्लीने सांगितलेली मेंढराची आठवण घेतली. कत्तलखान्याकडे नेताना एक मेंढरू कळपातून सुटलं. त्याला पकडताना माणसं धडपडली, पडली, रस्ताभर हसू पसरलं, छोटा चार्लीही हसला. मग मेंढरू सापडलं आणि त्याला आत नेलं, तेव्हा हाच मुलगा घरी धावत गेला आणि आईपाशी रडला की आता त्याला मारणार. आपल्या चित्रपटांतलं हसू आणि रडू एकत्र आलं त्याचं बीज इथे होतं की काय, असा विचार त्याने पुढे केला. आम्ही हे खोलीत खेळलो. एकाला मेंढरू केलं, बाकीचे पकडणारे. दोन मिनिटं नुसता धुमाकूळ. मग मी टाळी वाजवून थांबवलं आणि मेंढरू झालेल्या मुलीला विचारलं, तू हसत होतीस का? ती म्हणाली, "मला दमच नव्हता."

त्यानंतर "ठाण्याला" या शब्दावर बोललो. ताईंनी सरळ सांगितलं की तापाला रुग्णालय असतं तसं मनाच्या आजारालाही असतं, आणि आजारी माणसावर आपण हसत नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवला. तो विनाशुल्क आहे आणि मराठीतही बोलता येतं. ज्याने तो शब्द उच्चारला होता तो मान खाली घालून बसला होता. त्याला कुणी उभं केलं नाही.

पाचवा प्रवेश बदलला. मनोरुग्णालय, कोळसा, ओढणी सगळं गेलं. त्या जागी केनिंग्टन पार्कमधला दिवस आला. वर्कहाउसमध्ये असताना हॅनाने एके दिवशी स्वतःची आणि मुलांची सुटका मागून घेतली, कारण तिला फक्त मुलांना भेटायचं होतं. सिडनीजवळ रुमालात बांधलेले नऊ पेन्स होते. त्यातून अर्धा पौंड वजनाची काळी चेरी आणली, बाकावर बसून खाल्ली. वर्तमानपत्राच्या बोळ्याला दोरी गुंडाळून चेंडू केला आणि तिघं झेलाझेली खेळली. उरलेल्या पैशांत चहा झाला, आणि संध्याकाळी तिघंही परत वर्कहाउसच्या दारात. पुन्हा सगळे सोपस्कार करावे लागले म्हणून तिथली माणसं चिडली. एक दिवस आईने कायद्यातून चोरून आणला होता. आम्ही चेरीच्या जागी जांभळं घ्यायचं म्हटलं, पण हंगाम सरला होता, मग काळी द्राक्षं आणली. या प्रवेशाच्या शेवटी सूत्रधार एवढंच म्हणायची : "नंतर आईचं मन आजारी पडलं. ती रुग्णालयात राहिली. मुलं तिला भेटायला जायची."

शेवटचं वाक्य बंटीने घालायला लावलं. त्याला अजून भेटायला नेलं नव्हतं.

निष्पत्ती

प्रयोग सहाव्या दिवशी रात्री झाला, चाळीच्या मधल्या चौकात, ताडपत्रीखाली. पाऊस होता, माइक दोनदा गेला. आल्डरशॉटच्या प्रवेशात गंमत झाली : प्रेक्षकांतून खरीच नाणी आली. चार्ली झालेल्या पाचवीतल्या मुलीने संवाद सोडून ती वेचायला घेतली, आणि व्यवस्थापकाला खरोखरच हात लावू देईना. एवढं हसू तालमीत कधी आलं नव्हतं. बंटीचा मस्का पाव मात्र प्रयोगात गायब. धाकट्या बहिणीने विंगेत खाल्ला होता. त्याने रिकाम्या हातात पाव धरला, लोणी बोटाने आत सारलं, इकडे-तिकडे बघून चार्लीच्या सदऱ्यात कोंबला. सगळ्यांना तो पाव दिसला.

आजी दुसऱ्या रांगेत होत्या. पुढल्या आठवड्यात त्या बंटीला घेऊन ठाण्याला जाऊन आल्या. आई दिवाळीच्या आधी घरी आली. औषधं चालू आहेत, अधूनमधून त्रास होतो. बंटी पुढच्या वर्षी नाटकात नव्हता. आठवीचा क्लास संध्याकाळी होता. अभ्यासिकेत तो येत राहिला, लोकलच्या घोषणाही करत राहिला.

एक गोष्ट मात्र हातातून निसटली. प्रयोग संपताच निवेदकाने उत्साहाने माइक घेतला आणि म्हणाला, "बघा, गरिबीच माणसाला घडवते! हाल सोसले म्हणूनच चार्ली चार्ली झाला." टाळ्या पडल्या. आम्ही पाच आठवडे जे टाळत होतो ते एका वाक्यात झालं. मला हे वाक्य खोटं वाटतं, आणि या चौकात म्हटलं जातं तेव्हा क्रूरही वाटतं. वडिलांच्या दारूने त्याला काही शिकवलं नाही. वर्कहाउसने त्याला दिली ती भीती, आणि ती त्याच्या चित्रपटांत शिपाई नि अनाथाश्रमाची माणसं होऊन येत राहिली. १९१६ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, वर्षाला ६,७०,००० डॉलरचा करार झाल्यावरही. बघायला शिकवलं ते खिडकीतल्या आईने. वाचून दाखवलं, पाव आणला, तो भाऊ होता. गरिबीने यातलं प्रत्येक माणूस त्याच्यापासून कधी ना कधी तोडलं.

वेगळं काय करता आलं असतं

मुलांच्या जगण्याच्या इतका जवळचा विषय घेताना ताईंशी आधी बोलायला हवं होतं. त्यांनी नाव सांगावं अशी गरज नव्हती. "या वर्षी आईच्या आजाराचा प्रवेश नको" एवढं एक वाक्य पुरलं असतं. आता जूनमध्येच आम्ही संहितेचा आराखडा त्यांना देतो आणि त्या फक्त हो किंवा नको म्हणतात. त्यांना कारण विचारायचं नाही असं ठरलं आहे.

सगळी खोली हसत असताना "अगदी हेच ठेवायचं" म्हणण्याआधी मी थांबायला हवं होतं. एखादं मूल नकलेत इतकं आत शिरतं तेव्हा ते कुणाला तरी जवळून बघून आलेलं असतं. ज्याने "ठाण्याला" म्हटलं त्या मुलाशी वेगळं, एकट्याने बोलायचं राहिलं. तो बरेच दिवस गप्प होता. त्याचंही काही बिघडलं असेल, आणि ते आम्ही बघितलं नाही.

निवेदकाला दोन ओळी लिहून द्यायला हव्या होत्या. त्या वर्षी लिहिल्या असत्या तर काय लिहिलं असतं, ते मला प्रयोगानंतर कळलं. सामान आवरताना सूत्रधार झालेली मुलगी माझ्याकडे आली. तिने विचारलं, "बाई, हॅनवेलच्या शाळेत चार्लीबरोबर शेकडो मुलं असतील ना? ती पण गरीबच होती. मग ती का नाही झाली चार्ली?" मी तिला म्हटलं, तुझा प्रश्न मी पुढच्या वेळी नाटकातच घालते. तिने लगेच विचारलं, तो कोण म्हणणार. ते अजून ठरायचं आहे.